सुरतेच्या गोदीपासून रॉयल सोसायटीपर्यंत : विज्ञान अकादमीवरील निवड म्हणजे काय?

सुरत म्हटले की मराठी वाचकाला प्रथम १६६४ आठवते. शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत बंदरपेठ लुटली, १६७० मध्ये पुन्हा लुटली आणि हे शहर आपल्या इतिहासात कायमचे येऊन बसले. दुसरी आठवण १९०७ ची. काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात उधळले आणि जहाल व मवाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. याच सुरतेशी जोडलेली तिसरी एक तारीख मात्र आपल्या स्मरणात नाही. ती आहे २७ मे १८४१. त्या दिवशी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांना फेलो म्हणून निवडले. जगातील सर्वांत प्रतिष्ठित विज्ञानसंस्थांपैकी एकीवर निवडून आलेले ते पहिले भारतीय. जन्माने ते मुंबईचे. घराणे मात्र सुरतेच्या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी सुतारांचे.

विज्ञान अकादमीवर निवड झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. अमुक विद्यापीठातील प्राध्यापकांची राज्याच्या विज्ञान अकादमीचे फेलो म्हणून निवड, असा मथळा असतो. खाली दोन परिच्छेद, एक छायाचित्र आणि अभिनंदन करणाऱ्यांची नावे. ही निवड कोण करते, कोणत्या कसोटीवर करते, पुरस्कारापेक्षा ती वेगळी कशी आणि राष्ट्रीय अकादमी असताना राज्याची किंवा प्रदेशाची अकादमी कशाला हवी, हे प्रश्न त्या दोन परिच्छेदांत मावत नाहीत. अर्देशीर यांच्या निवडीची हकीकत त्यासाठी पाहण्यासारखी आहे. या सन्मानाचे मोल तिच्यात दिसते आणि मर्यादाही दिसतात.

लाकडाकडून वाफेकडे

१७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेला गेला होता. तेथील गोदीत मुकादमी करणाऱ्या लवजी नसरवानजी या तरुण पारशी सुताराचे काम त्याच्या नजरेत भरले. त्याच्या आग्रहावरून लवजी दहा सुतार बरोबर घेऊन मुंबईस आले. तेथून मुंबईच्या गोदीचा आणि वाडिया घराण्याचा इतिहास एकच झाला. या घराण्याने मलबारी सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे.

लवजींच्या या वंशात १८०८ मध्ये अर्देशीर जन्मले. ज्या घराण्याचे नाव लाकूड आणि शीड यांवर झाले, त्यातल्या या तरुणाला ओढ लागली वाफेची. त्यांनी 'इंडस' नावाचे छोटे जहाज बांधून त्याला वाफेचे इंजिन बसवले. १८३४ मध्ये माझगावातील आपला बंगला आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली. तो प्रकाश पाहण्यासाठी गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः तेथे गेले. एल्फिन्स्टन संस्थेत यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवण्याचे कामही त्यांनी केले. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथील कारखाने आणि गोद्या बारकाईने पाहिल्या, आणि त्या प्रवासाची दैनंदिनी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

१८४१ मध्ये कंपनीच्या मुंबईतील वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली इंग्रज कामगार होते. मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राला हे रुचले नाही. एतद्देशीय मनुष्य कितीही हुशार असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख ठेवण्यास तो योग्य ठरेल का, अशी शंका त्याने जाहीरपणे घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉयल सोसायटीने अर्देशीर यांना आपल्यात घेतले. गॅसचा प्रकाश आणि वाफेचे जहाज या त्यांच्या कामांचा उल्लेख निवडीच्या प्रमाणपत्रातच आहे.

ज्या शहराने त्यांचे काम रोज पाहिले, तेथे त्यांच्या पात्रतेविषयी वाद झाला; ज्या शहरात ते पाहुणे होते, तेथे मान्यता मिळाली. ही विसंगती एकट्या अर्देशीर यांच्या वाट्याची नव्हती. मुंबईतील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने भारतीयांना सभासदत्व देण्यास १८४० मध्ये सुरुवात केली, तीही माणेकजी कर्सेटजी यांनी दार ठोठावल्यानंतर. पेडण्यातील मांद्रे गावात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड पुढे त्याच संस्थेचे उपाध्यक्ष झाले, हे गोमंतकीय वाचकाला ठाऊक असेल. भाऊ दाजींच्या विद्येत शंका नव्हती. पण ते दार आधी उघडावे लागले होते.

निवड होते कशी?

अकादमी म्हणजे विद्वानांची अशी सभा, जिच्यात प्रवेश केवळ आधीच्या सभासदांच्या मताने मिळतो. रोममध्ये १६०३ साली स्थापन झालेली लिंचेई अकादमी ही या परंपरेतील एक जुनी संस्था. गॅलिलिओ १६११ मध्ये तिचे सभासद झाले. लंडनची रॉयल सोसायटी १६६० ची. कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहता प्रयोगाने खात्री करून घ्यावी, हे तिचे ब्रीद.

पुरस्कार आणि अकादमीवरील निवड यांत मुख्य फरक असा : पुरस्कार परीक्षकांचे मंडळ देते आणि तो बहुधा एखाद्या कामासाठी असतो. अकादमीवरील निवड म्हणजे समव्यावसायिकांनी एखाद्या संशोधकाच्या एकूण कामाविषयी दिलेला कौल. निवड झालेल्यास 'फेलो' म्हणतात. मराठीत या शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. 'सन्माननीय सदस्य' म्हटले तर मानद सदस्यत्वाशी गोंधळ होतो, म्हणून वृत्तपत्रांत 'फेलो' हाच शब्द टिकून आहे.

बहुतेक अकादम्यांत पद्धत साधारण सारखी असते. विद्यमान फेलो एखाद्या शास्त्रज्ञाचे नाव सुचवतात आणि इतर फेलो त्यास अनुमोदन देतात. शास्त्रज्ञाच्या निवडक शोधनिबंधांसह त्याच्या कामाचा गोषवारा जोडला जातो. गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांच्या समित्या या प्रस्तावांची छाननी करतात. त्यांनी पुढे पाठवलेल्या नावांवर कार्यकारी मंडळ विचार करते आणि शेवटी फेलोंचे मतदान होते. पहिल्याच वर्षी नाव मंजूर होईल असे नाही. काही प्रस्ताव पुढल्या वर्षांतही विचारात घेतले जातात. निवड झाल्यावर पैसा मिळत नाही. मिळते ती प्रतिष्ठा, आणि तिच्याबरोबर एक जबाबदारी : पुढच्या वर्षापासून इतरांची पारख करणाऱ्यांत आपणही असतो.

हीच या पद्धतीची ताकद आणि हाच तिचा कच्चा दुवा. अभ्यासकाचे काम खऱ्या अर्थाने त्याच विषयातील अभ्यासकाला कळते, म्हणून कौल त्यांनीच द्यावा, हे योग्य आहे. पण नाव सुचवणारा फेलो ज्याला ओळखतो, त्याचेच नाव पुढे येते. जो कोणाच्या नजरेस पडत नाही, त्याच्या कामाची तपासणी होण्याची वेळच येत नाही.

शिवाय कसोट्या काळानुसार बदलतात. १८४१ च्या रॉयल सोसायटीत चार्ल्स डार्विनसारखे शास्त्रज्ञ होते. डार्विन यांची निवड दोनच वर्षे आधीची. पण त्याच सभेत विज्ञानाची केवळ आवड असलेले उमराव आणि धनिकही मोठ्या संख्येने होते. १८४७ मध्ये सोसायटीने आपले नियम कडक केले, वर्षाला पंधरा जणांचीच निवड करण्याचे ठरवले आणि वैज्ञानिक कार्य ही मुख्य कसोटी मानली. म्हणून अर्देशीर यांच्या निवडीला आजचे माप जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही त्यांच्या प्रमाणपत्रात यंत्रे आणि जहाज यांची नोंद आहे, हे विसरता येत नाही. त्यांच्यानंतर दुसरा भारतीय त्या सभेत पोहोचला तो १९१८ मध्ये, श्रीनिवास रामानुजन. मध्ये ७७ वर्षे गेली.

अकादमीविना एक रसायनशास्त्रज्ञ

त्या ७७ वर्षांत भारतात गुणवत्ता नव्हती, असे नाही. पुन्हा सुरतेचेच उदाहरण घेऊ. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म तेथे १८६३ मध्ये झाला. हेही घराणे सुतारकामाचे. गज्जर म्हणजे सुतार. ते बडोद्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या कलाभवनामागे त्यांचीच दृष्टी होती. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले, तेव्हा तो डाग काढणे कोणालाच जमेना. गज्जर यांनी तो काढला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. डांबर फासण्याचे ते कृत्य दामोदर चापेकर यांनी पुढे आपल्या जबानीत आपले म्हणून सांगितले, हा त्या कथेचा मराठी धागा. गज्जर यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली.

गज्जर १९२० मध्ये वारले. त्यांच्या हयातीत, आजच्या अर्थाने जिला विज्ञान अकादमी म्हणता येईल अशी संस्था भारतात नव्हती. राजाश्रय मिळाला, उद्योगात यश मिळाले, लोकांत कीर्तीही झाली. पण त्यांच्याच देशातील रसायनशास्त्रज्ञांनी एकत्र बसून त्यांच्या संशोधनाविषयी मत द्यावे, त्याची लेखी नोंद राहावी, ही सोय नव्हती. त्यामुळे आज त्यांची पुतळ्याची गोष्ट सांगितली जाते. प्रयोगशाळेतील काम मागे पडते.

ती उणीव भरून निघण्यास सुरुवात झाली ती प्रादेशिक अकादमीनेच. १९३० मध्ये अलाहाबादेत मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने संयुक्त प्रांतांची विज्ञान अकादमी स्थापन झाली आणि साहा तिचे पहिले अध्यक्ष झाले. नाव एका प्रांताचे होते. पुढे तिचेच रूपांतर 'नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया' या संस्थेत झाले. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदावरून साहा यांनी संपूर्ण देशासाठी रॉयल सोसायटीच्या धर्तीवर एक संस्था असावी, असा विचार मांडला. तिचे स्वरूप काय असावे यावर मतभेद झाले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वेगळी वाट धरली आणि त्याच वर्षी बंगळुरूत ६५ संस्थापक फेलोंसह इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस सुरू केली. साहा यांच्या गटाच्या प्रयत्नांतून १९३५ मध्ये कलकत्त्यात तिसरी संस्था निघाली. तीच आज दिल्लीतील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, म्हणजे इन्सा. एका देशात तीन राष्ट्रीय अकादम्या असण्याचे कारण हे असे आहे.

मग राज्याची अकादमी कशाला?

तीन राष्ट्रीय संस्था असूनही राज्यांना आपापल्या अकादम्या काढाव्याशा वाटल्या. हैदराबादेत आंध्र प्रदेशची अकादमी १९६३ मध्ये निघाली. राज्याच्या विभाजनानंतर ती तेलंगणाची झाली. महाराष्ट्र अॅकॅडमी ऑफ सायन्सेस १९७६ ची. गुजरातमध्ये गुजरात सायन्स अकॅडमी आहे आणि केरळ, पंजाब यांच्याही अकादम्या आहेत. येथे एक फरक लक्षात ठेवावा. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद ही विज्ञानाचा लोकांत प्रसार करणारी संस्था आहे. विज्ञानाची आवड असलेला कोणीही तिच्या कामात सहभागी होऊ शकतो. अकादमीत प्रवेश मिळतो तो निवडीनेच. दोन्हींची गरज आहे, पण दोन्ही एक नव्हेत.

राज्याच्या अकादमीचे समर्थन एकाच शब्दात करता येते : जवळीक. सुरतेत सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, कवी नर्मद यांचे नाव असलेले विद्यापीठ आहे आणि त्याला जोडलेली महाविद्यालये आहेत. तेथील एखाद्या प्राध्यापकाने तापीच्या पुराचा, कापड कारखान्यांतून निघणाऱ्या रंगीत सांडपाण्याचा किंवा दक्षिण गुजरातच्या जंगलातील वनस्पतींचा वीस वर्षे अभ्यास केला, तर त्या कामाचा तेथील लोकांच्या जगण्याशी थेट संबंध असतो. २००६ च्या पुरात जे शहर बुडाले, त्याला तापीचे गणित मांडणारा माणूस किती मोलाचा, हे सांगावे लागत नाही. पण असे काम जगभर गाजणाऱ्या नियतकालिकांत सहज जात नाही आणि दिल्ली-बंगळुरूच्या समितीसमोर ते आपोआप पोहोचत नाही. ते पाहू शकणारा माणूस शेजारच्या जिल्ह्यातला असतो.

गोव्यालाही हे लागू आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आपल्याकडे आहे. तिचे माजी संचालक डॉ. सतीश शेट्ये यांना १९९२ चा भटनागर पुरस्कार मिळाला, आणि ते बंगळुरूच्या अकादमीचे फेलोही आहेत. किनाऱ्यालगतचे सागरी प्रवाह आणि मांडवी-जुवारीची मुखे हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. आपल्या अंगणातले पाणी हाही पहिल्या प्रतीच्या विज्ञानाचा विषय होऊ शकतो, हे त्यावरून दिसते. कोसबे येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी बंगळुरूच्या अकादमीचे सुरुवातीच्या काळातील फेलो होते. माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९९८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि पुढे इन्साचे अध्यक्षही. ही नावे आपल्याला पाठ आहेत. मात्र कोसंबींचे आणि माशेलकरांचे कर्तृत्व घडले ते मुख्यतः पुणे-मुंबई आणि त्यापलीकडे. खाजन शेतीची माती, खाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी किंवा वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पती यांवर येथल्याच एखाद्या महाविद्यालयात चिकाटीने काम करणाऱ्या शिक्षकाची पारख कोणी करायची, हा प्रश्न त्या नावांनी सुटत नाही.

कौल चुकतो तेव्हा

जवळीक असली की न्याय होतोच, असेही नाही. अर्देशीर यांना जवळच्यांनीच नाकारू पाहिले होते. लहान राज्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. मग विद्यापीठातील गटबाजी, गुरू-शिष्याचे नाते, कुलगुरूंची मर्जी यांचा शिरकाव निवडीत सहज होऊ शकतो. तसे झाले तर अकादमी एकमेकांच्या गळ्यात हार घालणारी मंडळी ठरते आणि तिच्या शिक्क्याला राज्याबाहेर कोणी विचारत नाही.

मोठ्या अकादम्याही चुकतात. जानेवारी १९११ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने मारी क्युरी यांची निवड अगदी थोड्या मतांनी नाकारली. तोवर त्यांना एक नोबेल मिळाले होते आणि दुसरे त्याच वर्षी मिळाले. त्या अकादमीवर पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री निवडून आली ती १९७९ मध्ये. रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्रियांची निवड १९४५ मध्ये केली. पहिली भारतीय स्त्री, डॉ. गगनदीप कांग, तेथे पोहोचली २०१९ मध्ये. अर्देशीर यांच्यापासून मोजले तर १७८ वर्षांनी. या सगळ्या काळात पात्र स्त्रिया नव्हत्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांची नावे सुचवणारे हात नव्हते.

म्हणून अशी बातमी वाचताना नावाच्या पुढे जायला हवे. कोणत्या कामासाठी निवड झाली, हे बातमीत स्पष्ट आहे का? ते काम एका वाक्यात सामान्य वाचकाला सांगता येते का? निवडलेल्यांत जिल्ह्यांच्या ठिकाणची महाविद्यालये आहेत की सगळी नावे राजधानीतल्या दोन-तीन संस्थांतलीच आहेत? स्त्रिया किती आहेत? आणि मागच्या वर्षी निवडून आलेल्यांनी या वर्षी कोणाला शोधून काढले? या प्रश्नांची उत्तरे देणे अकादमीचे काम आहे, आणि ते विचारणे वृत्तपत्रांचे. अभिनंदनाच्या चार ओळींऐवजी त्या कामाविषयी चार ओळी छापल्या, तरी वाचकाला आपल्याच गावात कोणते विज्ञान घडते आहे, हे कळेल.

अर्देशीर १८५७ मध्ये कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि १८७७ मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे वारले. त्यांच्या निवडीला १२८ वर्षे झाली तेव्हा, २७ मे १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. तोवर ते सुरतेत आणि मुंबईतही जवळजवळ विस्मरणात गेले होते. तिकिटासाठी दिवस निवडला गेला तो जन्माचा नव्हे आणि मृत्यूचाही नव्हे, निवडीचा. त्या एका नोंदीमुळेच वाफेचे ते जहाज आणि माझगावातला तो प्रकाश लोकांना पुन्हा सापडला. आज सुरतेत, पेडण्यात किंवा काणकोणात जे शांतपणे काम करत आहेत, त्यांची अशी नोंद कोणाच्या वहीत होते, यावर उद्या त्यांचे काम कोणाला सापडेल की नाही हे ठरणार आहे.